नव्वद दिवसांचा नवरा

१५ एप्रिल

पोचलो. विमान वेळेवर, बॅग वेळेवर, फक्त बर्नाडेटचा पत्ता नाही. पाऊण तास विमानतळाबाहेर ताटकळलो तेव्हा बाईसाहेब आल्या, केसांना माशांच्या रश्श्याचा वास. म्हणाली, "आज येणार होतास होय?" मी तिला तारीख तीनदा कळवली होती.

यंदाची ही तिसरी खेप. आमचा देश युरोपीय संघातून बाहेर पडला तेव्हापासून इथल्या आमच्या घरात मला मनाला येईल तितकं राहता येत नाही. कुठल्याही एकशेऐंशी दिवसांत नव्वद, बस्स. (बाहेर पडण्याच्या त्या मतदानात मी काय केलं हे मी बर्नाडेटलाही सांगितलेलं नाही, वहीला कशाला सांगू?) तिला मात्र हा नियम नाही. तिची आई आयर्लंडची. आयुष्यभर ही बाई ग्रिम्सबीची पक्की इंग्रज म्हणून राहिली आणि गरज पडताच सहा आठवड्यांत आयरिश पासपोर्ट काढून मोकळी झाली. तिचं इथं राहण्याचं हिरवं कार्डही आहे. ती इथं बारा महिने राहते, आणि मी आपला पाव्हणा.

यंदा तुकड्यातुकड्यानं ये, ही तिचीच सूचना. सलग तीन महिने राहिलास की तुला इथलं पाणी बाधतं, म्हणाली. अकरा वर्षांत मला इथलं पाणी एकदाही बाधलेलं नाही, पण बायकोला काळजी वाटते तर आपण कशाला मोडता घाला? म्हणून एकोणतीस रात्रींच्या तीन खेपा. उरलेल्या तीन अडीअडचणीला राखून.

कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मी खडूनं रेघा ओढतो. इथं झोपून उठलो की एक रेघ. आधीच्या दोन खेपांच्या ओळी जशाच्या तशा आहेत. उद्या सकाळपासून तिसरी ओळ.

१७ एप्रिल

खिनेसच्या बारमध्ये आज गावातल्या इंग्रज मंडळींना नव्वद दिवसांचा नियम पुन्हा समजावून सांगितला. मागच्या खेपेला अकरा जण होते, आज चार, त्यातले दोघे आधीपासूनच तिथं जेवायला बसलेले होते. बाकीच्यांना कामं असावीत.

शेजारचा रोलंड होता. हा पूर्वी बँकेत मॅनेजर होता, त्यामुळे आकडे आपल्यालाच कळतात असा त्याचा समज. म्हणतो, माझ्या फोनमधला हिशोब येण्याचा दिवसही धरतो आणि जाण्याचाही. मी त्याला विचारलं, माणूस रात्री साडेदहाला विमानातून उतरला तर तो अख्खा दिवस त्याच्या नावावर कसा काय टाकायचा? हॉटेलवालासुद्धा रात्री मोजतो. सात रात्री राहिलात तर सातचे पैसे घेतो, आठचे नाही. जगात सगळीकडे हाच हिशोब आहे. रोलंड "बरं" म्हणाला आणि त्यानं आणखी एक बिअर मागवली. पटलं त्याला.

बत्तीस वर्षं मी गाडी चालवणाऱ्यांच्या परीक्षा घेतल्या. शेजारच्या सीटवर बसून भल्याभल्यांना नापास केलं. नियम कसा वाचायचा हे मला कुणी शिकवू नये.

२४ एप्रिल

गावच्या भाताच्या स्पर्धेत यंदा बर्नाडेट उतरणार आहे. परदेशी बाई पहिल्यांदाच. चौकात लाकडाच्या जाळावर लोखंडी भांडं ठेवून माशांच्या रश्श्यात भात शिजवायचा. भांड्याला ज्याचा त्यानंच हात लावायचा, दुसऱ्यानं नाही, हा इथला कडक रिवाज. मी तिचा सराव घेतोय.

आज तिनं अंगणात भांडं चढवलं. मी खुर्ची टाकून, थर्मामीटर आणि शिट्टी घेऊन बसलो. शिट्टी अशासाठी की जाळ आणि धुरात आवाज पोचत नाही. नोंदी अशा: जाळ पेटवण्यापूर्वी मागे वळून पाहिलं नाही, किरकोळ चूक. मीठ न मोजता टाकलं, गंभीर चूक. भात अर्धा शिजला असताना शेजारच्या एन्कार्नाशी कुंपणावरून सात मिनिटं गप्पा, परीक्षा तिथंच थांबवावी इतकी गंभीर. मी शिट्टी वाजवली. तिनं पळी माझ्या दिशेनं धरली आणि तशीच उभी राहिली. मला वाटतं तिला मुद्दा कळला.

भात बरा झाला होता. तसं मी तिला सांगितलंही, चुका वाचून झाल्यावर.

२ मे

खिनेस जेवायला आला होता. भला माणूस आहे, मला आदरानं डॉन क्लिफर्ड म्हणतो. कपाटाच्या दारावरच्या रेघा मी त्याला हौसेनं दाखवल्या. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "पण डॉन क्लिफर्ड, तुमची बायको तर आयरिश आहे ना. मग तुम्हाला कशाला..."

तेवढ्यात स्वयंपाकघरात बर्नाडेटच्या हातून भांड्याचं झाकण पडलं. केवढा आवाज. आम्ही दोघंही धावलो. ती खिनेसकडे बघून म्हणाली, "मीठ कमी झालंय का रे, बघ जरा." त्यानं चव घेतली, म्हणाला, बरोबर आहे. मग जेवण होईपर्यंत तो फक्त फुटबॉलवर बोलला. मी दोनदा विचारलं की मघाशी काय म्हणत होतास, तर म्हणे विसरलो. वय चाळीस आणि ही स्मरणशक्ती. अलीकडे तिच्या हातातून वस्तूही फार पडतात, डॉक्टरांना दाखवायला हवं.

७ मे

वाईट बातमी. स्पर्धा येत्या रविवारी होती, ती पुढं ढकलून तेरा जूनला नेली. मी चौदा मेला जाणार. खिनेस स्पर्धेच्या समितीवर आहे, त्याला कारण विचारलं तर म्हणाला, मे महिन्यात वारा असतो. तीनशे वर्षं हे लोक मे महिन्यात भात शिजवताहेत आणि वारा यांना आत्ता लागला.

मला फार वाईट वाटलं. इतकी मेहनत घेतली आणि ऐन परीक्षेला मी नाही. बर्नाडेटनं मात्र मन घट्ट केलंय. मी सांगायच्या आतच म्हणाली, जाऊ दे, नियम म्हणजे नियम. मग गुणगुणत कपडे वाळत घालायला गेली. माझ्यापुढं रडायचं नाही म्हणून गाते, मी ओळखतो तिला.

१४ मे

निघालो. सकाळी उठून एकोणतिसावी रेघ ओढली. बर्नाडेटनं काल संध्याकाळीच बॅग भरून दाराशी ठेवली होती, आणि विमान दुपारचं असताना आम्ही सकाळी आठला विमानतळावर होतो. वाटेत गर्दी लागली तर पंचाईत नको, म्हणाली. तिनं बटाट्याच्या आम्लेटचा पाव बांधून दिला, गालाचा मुका घेतला, आणि मी आत शिरेपर्यंत हात हलवत होती. वळून पाहिलं तर आमची गाडी फाटकाबाहेर पडत होती. तिला निरोप सहन होत नाही.

२१ मे, ग्रिम्सबी

घर थंडगार, शेजारी तोच, बोलायला कुणी नाही. माझ्या गैरहजेरीत त्यानं कुंपण माझ्या बाजूला चार बोटं सरकवलंय. बर्नाडेटला फोन केला. मागं गाणी, हसणं, भांड्यांचा खणखणाट. सराव चाललाय म्हणाली, एन्कार्ना आणि चार बायका आल्यात. विचारलं, चुका कोण लिहून घेतंय? ती म्हणाली, "कुणीच नाही रे, आम्ही नुसतं शिजवतोय आणि खातोय." कसं व्हायचं हिचं.

मला करमत नाही. हे इथं लिहिलं, तिला सांगितलं नाही.

२९ मे

रात्री झोपेत सुचलं आणि ताडकन उठून बसलो. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. माझ्या तीन रात्री शिल्लक आहेत की! अडीअडचणीला ठेवलेल्या. मग याहून मोठी अडचण ती कोणती? शुक्रवारी बारा जूनला जायचं, तेराला स्पर्धा, सोमवारी सकाळी परत. बरोब्बर तीन रात्री.

तिकीट काढलं. बर्नाडेटला सांगणार नाही. चौकात भांडं चढवताना मान वर करून बघेल तर मी समोर. आनंदानं पळी हातातून पडेल तिच्या.

१२ जून

हे आमच्या अंगणात बसून लिहितोय. काय घडलं ते नीट क्रमानं लिहिलं पाहिजे, कारण मला अजून सगळं समजलेलं नाही.

विमानतळावर आता पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. यंत्रासमोर उभं राहायचं, बोटं टेकवायची, चेहरा दाखवायचा. यंत्रानं माझा चेहरा पाहिला आणि लाल झालं. मी पुन्हा उभा राहिलो, पुन्हा लाल. मग मला काचेच्या खोलीत नेलं. तिथं एक तरुण अधिकारी बाई होत्या, केस घट्ट बांधलेले, समोर कलिंगडाची फोड. म्हणाल्या, "तुमचे नव्वद संपलेत. एकही शिल्लक नाही."

मी शांतपणे सगळं समजावून सांगितलं. कपाटाचं दार, रेघा, सत्त्याऐंशी रात्री. त्यांनी ऐकून घेतलं, फोडीचा एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "झोप हॉटेलवाले मोजतात, आजोबा. आम्ही मोजतो पाय. पाय ज्या दिवशी इथं टेकला तो दिवस गेला, आणि ज्या दिवशी उचललात तोही गेला." प्रत्येक खेपेला एक दिवस जास्त, याप्रमाणे तीन खेपांचे तीन. रोलंडचा फोन बरोबर होता. हे वाक्य लिहिताना माझा हात जड झाला.

मला संध्याकाळच्या विमानानं परत पाठवणार होत्या. गाडीच्या परीक्षेत नापास झालेली पोरं स्टिअरिंगवर डोकं टेकून का बसायची ते मला आज पासष्टाव्या वर्षी कळलं. बाईंनी विचारलं, इथं तुमचं कुणी आहे का, कळवायला? म्हटलं, बायको आहे, आयरिश आहे, हिरवं कार्ड आहे तिच्याकडे, इथंच असते.

त्यांनी कलिंगड बाजूला ठेवलं.

"तुमची बायको आयरिश आहे आणि इथं राहते?"

"हो."

"मग तुम्ही दिवस कशाला मोजता?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी तो मला दोनदा समजावला आणि मग शेजारच्या अधिकाऱ्याला बोलावून त्यालाही माझ्याकडे बघायला लावलं. आयरिश बाई युरोपातलीच, ती इथं राहते, तर तिच्या नवऱ्याला तिच्याकडे येता येतं. नव्वदाचा प्रश्नच येत नाही. तिनं फक्त लग्नाचा दाखला घेऊन यायचं, हा माझा नवरा, माझ्याकडे राहायला येतोय असं सांगायचं, आणि नंतर दोघांनी मिळून माझं कार्ड करून घ्यायचं. "तुमच्या बाईंनी त्यांचं कार्ड केलं तेव्हा हे सांगितलंच असेल त्यांना," त्या म्हणाल्या. "नवरा आहे का, असं विचारतातच."

मी म्हटलं, तिच्या लक्षात राहिलं नसेल. तिच्या हातातून हल्ली वस्तूही पडतात.

त्यांनी फोन लावून दिला. बर्नाडेटनं उचलला, मागं तशीच गाणी. मी म्हटलं, मी विमानतळावर आहे. ती म्हणाली, कुठल्या? इथल्या म्हटल्यावर गाणी बंद करायला सांगितलेलं मला ऐकू आलं.

तासाभरानं ती आली. खिनेसनं गाडीनं आणलं होतं, पण तो आत यायला तयार नव्हता, दारातून मला हात करून मागच्या मागे गेला. बर्नाडेटच्या अंगावर एप्रन, त्याला केशराचे डाग. तिनं दाखला टेबलावर ठेवला, तो बरोबर सापडला होता तिला. माझ्याकडे पाहिलं नाही. माझी बॅग उघडून तपासत होते, वर शिट्टी आणि थर्मामीटर होता, त्याकडे मात्र तिनं बराच वेळ पाहिलं.

अधिकारी बाईंनी रीतसर विचारलं, "हे तुमचे पती, तुमच्यासोबत राहायला येताहेत, बरोबर?"

बर्नाडेट दाखल्याच्या घड्या सरळ करत राहिली. मला वाटलं, तिला ऐकू आलं नाही. बाईंनी पुन्हा विचारलं.

"नाही म्हटलं तर?" बर्नाडेटनं विचारलं.

"तर संध्याकाळच्या विमानानं परत."

"आणि हो म्हटलं तर?"

"तर तुमच्याकडे. कार्ड झालं की मग वर्षानुवर्षं, परत जायलाच नको."

"वर्षानुवर्षं," बर्नाडेट म्हणाली. मग खुर्चीवर बसली. तिनं एप्रनला हात पुसले, जरी ते कोरडे होते. "विचार करायला किती वेळ मिळतो?"

शेजारचा अधिकारी खोकत बाहेर गेला. मी कधी इतका एकटा बसलो नव्हतो. बत्तीस वर्षांत हजारो माणसं माझ्या शेजारी निकालाची वाट बघत बसली, मी कधी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही, कागदावर खुणा करत राहिलो. आज माझी बायको माझ्याकडे वळली. खूप वेळ बघत होती. माझा शर्ट उलटा होता, घाईत घातला होता. तिनं हात पुढं करून माझी कॉलर सरळ केली.

"हो," ती म्हणाली. "माझाच आहे. पण ती शिट्टी ठेवून घ्या."

बाई म्हणाल्या, शिट्टीवर बंदी नाही. बर्नाडेट म्हणाली, घाला.

१३ जून

स्पर्धा झाली. बर्नाडेटनं मला चौकाच्या पार दुसऱ्या टोकाला रोलंडच्या शेजारी बसवलं आणि सांगितलं, इथून हललास तर बघ. शिट्टी विमानतळावरच राहिली. त्या बाईंनी खरोखरच ठेवून घेतली, पावती न देता.

तिनं मीठ मोजलं नाही. जाळ वाऱ्यानं एकीकडे झुकला (वारा जूनमध्येही असतो, हे मी खिनेसला नंतर सांगणार आहे). भात शिजत असताना ती चौघींशी बोलत होती, हसत होती, एकदा तर चक्क नाचली. मी एक शब्द बोललो नाही. माझ्या जिभेला घाम फुटला असेल. रोलंडनं विचारलं, बरं वाटत नाही का?

बक्षीस मिळालं नाही, पण भांड्याच्या तळापर्यंत लोक खरवडून खात होते. मी शेवटी गेलो, तोवर संपलं होतं. एन्कार्नानं स्वतःच्या ताटलीतलं अर्धं मला दिलं. इतका चांगला भात मी खाल्ला नव्हता. चूक शोधली, सापडली नाही.

जमलेल्या लोकांकडे पाहून एक गोष्ट लक्षात आली. मला बघून कुणालाच आश्चर्य वाटलं नाही, पण प्रत्येकजण मला भेटून अगदी हळू विचारत होता, "कळलं का तुम्हाला?"

१४ जून

सकाळी कपाटाचं दार उघडलं आणि खडू हातात घेऊन उभा राहिलो. मग बर्नाडेटला बोलावलं आणि सरळ विचारलं, तुला केव्हापासून माहीत होतं?

ती पलंगाच्या कडेला बसली. म्हणाली, तिच्या कार्डाच्या वेळीच. कचेरीतल्या बाईनं विचारलं होतं, नवरा आहे का, असेल तर त्यालाही घेऊन या. तिनं सांगितलं, आहे, आणि घरी येऊन मला सांगितलं नाही. चार वर्षं. खिनेसला माहीत होतं, एन्कार्नाला, रोलंडला, बहुधा चर्चमधल्या पाद्रीबाबांनाही. सगळ्या गावानं मिळून गुळणी धरली होती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, चार वर्षं मी त्या थंड घरात डबाबंद सूप गरम करून पीत होतो, आणि इथं तुझ्या एका शब्दाचं काम होतं. मी इतका जड झालो का तुला? आवाज चढवायचा होता, त्याऐवजी मी हातातला खडूच मोडला.

ती उठून माझ्याजवळ आली नाही. बसल्या जागी म्हणाली, "तू निवृत्त झालास त्या दिवसापासून तू माझ्या शेजारच्या सीटवर बसलायस, क्लिफर्ड. भांडी घासताना, पाव कापताना, फोनवर बोलताना. मी रोज नापास होत होते." थोडं थांबून म्हणाली, "पहिल्यांदा नव्वद संपून तू गेलास तेव्हा मी तीन दिवस नुसती झोपले. चौथ्या दिवसापासून आवडायला लागलं. आणि महिनाभरानं एकदा संध्याकाळी मला तुझी आठवण आली. कित्येक वर्षांनी आली. यायला जागाच नव्हती तोवर. मग मला भीती वाटली की तू कायमचा आलास तर ती पुन्हा बंद होईल."

ती रडत नव्हती, नाकाचा शेंडा मात्र लाल झाला होता. मी तिच्या शेजारी बसलो, मग जरा सरकून बसलो, मध्ये हातभर जागा सोडून. म्हटलं, परवा विमानतळावर नाही म्हणायची चांगली संधी होती. मग हो का म्हणालीस?

"तुझा शर्ट उलटा होता," ती म्हणाली. "आणि तू मला बघायला आला होतास. तपासायला नाही. निदान मला तसं वाटलं, बॅग उघडेपर्यंत."

खाली खिनेस कुणाला तरी हाका मारत होता. मी विचार करत होतो की उद्या सकाळचं तिकीट अजून माझ्या खिशात आहे, आणि माझ्यावर आता कसलीही सक्ती नाही, कुठलंही यंत्र मला घालवू शकत नाही, आणि तरी आयुष्यात पहिल्यांदा मी आपण होऊन विचारतोय.

"मी जाऊ का मग?" मी विचारलं. "महिनाभर. आपल्या मनानं. तुला आठवण येईपर्यंत."

बर्नाडेटनं मधली हातभर जागा पाहिली. मग सरकून माझ्याजवळ आली.

"जा ना," ती म्हणाली. "अधूनमधून जात जा. पण उद्या नको."